भिंगातले डोहाळे

मिरजेत मोतीबिंदू काढला की आठवड्याभरात पेशंटच्या आईचे डोहाळे कळत. डोळ्यातलं जुनं भिंग आता कुणी फेकून देत नसे. ते अख्खं काढून इस्पितळाच्या तळमजल्यावर हेमा टिपणीसांच्या काट्यावर पाठवत. एका आमदारांच्या आईला मातीचे डोहाळे लागले होते असं निघालं, तेव्हा तालुक्यातल्या बऱ्याच जमिनींचा उलगडा झाला.

काटा म्हणजे रेणूंचं वजन करणारं खोलीएवढं यंत्र. टिपणीसबाईंनी चौतीस वर्षं त्यावर जन्मजात आजार शोधायला तान्ह्या बाळांच्या टाचेतलं रक्त तोललं होतं, आणि आपण डॉक्टर नसून शास्त्रज्ञ आहोत, हे तितकीच वर्षं सांगून पाहिलं होतं.

"डॉक्टरीणबाई, एवढुशा भिंगात आई कुठनं आली?" आदगोंडा मगदूमांनी विचारलं. एसटीचे निवृत्त कंट्रोलर. उजवा डोळा नुकताच झालेला, डावा गुरुवारी व्हायचा.

"काका, अंगातलं बाकी बहुतेक सगळं बदलत राहतं. भिंगाचा गाभा तेवढा आईच्या पोटात बनतो तो तसाच राहतो. तिनं जे खाल्लं, त्याचाच. वर कांद्यासारखे पापुद्रे चढतात. आम्ही एकेक पापुद्रा सोलतो, त्यातल्या कणांना विजेचा धक्का देतो आणि निर्वात नळीतून पळवतो. हलके आधी पोचतात, जड मागनं."

"म्हंजे विनाथांबा आणि लाल डबा!"

"अगदी. वेळेवरनं वजन."

मगदूम हसले आणि मधेच थांबले. "माझी आई बाळंतपणात गेली. 'आईला खाऊन आलास,' आत्या म्हणायची. मरेस्तोवर. सैपाकघर तिच्याच ताब्यात हुतं. रोज डिंकाचा लाडू घातला म्हणायची आईला. तेवढं बघा की, मिळाला का."

बाईंपुढे आलेख होता. सहाव्या महिन्यापर्यंत जोंधळा आणि चिंच. तिथून पुढे जड नायट्रोजनची रेघ चढतच गेलेली. उपाशी देह स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतो, तेव्हा ती अशी चढते. लाडू कुठेच नव्हता. ताट रिकामं, आणि पोटातलं पोर वाढतंय: तिच्या दंडांवर, मांड्यांवर. चौतीस वर्षांत यंत्रापुढे कधी न जुळलेले बाईंचे हात आज जुळले.

खोटं बोलायला जीभ वळेना. खरं सांगावं, तर आत्याच्या वाक्यावर शास्त्राचा शिक्का.

"बोला की बाई. पोटात ठेवू नका."

"चिंचेचे डोहाळे होते, काका. शेवटचे तीन महिने तिला खायला मिळालं नाही."

"मग मला काय घातलं तिनं?"

"स्वतःला."

मगदूम आलेखावरच्या चढत्या रेघेकडे वाकले.

"म्हंजे आत्या खरं बोलत हुती."

"खाल्लं की भरवलं, हे भरवणारीला विचारायचं, काका. आत्याला काय कळतंय?"

मगदूमांनी डाव्या डोळ्याला बोट लावलं. "ह्यातबी हाय ती?"

"आहे. फक्त, तोललेलं उरत नाही. जळून जातं."

गुरुवारी मगदूम आले ते ऑपरेशन रद्द करायला.

"अहो, त्या डोळ्यानं दिसतंय काय तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"पांढरं धुकं," मगदूम म्हणाले. मग बाकावर बसून त्यांनी चांगला डोळा तळहातानं झाकला, आणि बघत राहिले.