अर्ध्या चावीवर चाळीस मिनिटं

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं, आणि त्यात प्रेमाचा काहीएक संबंध नव्हता. वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी नुकतीच त्याची अक्कलदाढ काढली होती. अर्धा गाल बधिर, तोंडात कापसाचा बोळा. जिना उतरताना घड्याळदुरुस्तीची पाटी दिसली आणि मनगटावरचं घड्याळ बिघडलंय हे आठवलं, एवढंच.

त्याने घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि वरच्या बटणाकडे बोट दाखवलं.

"दाबलं जात नाही?" काउंटरमागच्या मुलीने विचारलं.

मान आडवी हलली.

"दाबलं की वर येत नाही?"

मान उभी हलली.

तिने भिंग डोळ्याला लावलं. चावीवर चालणारा, स्वस्तातला क्रोनोग्राफ होता. वरचं बटण दाबलं की मोठा सेकंदकाटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर परत येतो. वरच्या बटणाभोवती पांढरं काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं. तिने ते सुईने खरवडलं.

"मैदा?"

त्याने खिशातून कार्ड काढून दिलं. कोपऱ्यावरच्या बेकरीचं होतं.

"मळताना काढून ठेवत जा," ती म्हणाली. "त्याला पाव पचत नाही."

तो हसला... म्हणजे अर्धाच हसला, उरलेला गाल जागचा हलला नाही. तेवढं अर्धं हसू तिला दिवसभर पुरलं.

दुकान तिच्या आत्याचं. आत्याची नजर आता बारीक कामाला दमत होती, पण जीभ मुळीच दमली नव्हती. भाचीला ती 'चिमटी' म्हणायची. चिमटीचं मागचं वर्ष भिंतीवरच्या घड्याळांचे सेल बदलण्यात गेलं होतं. या वर्षी आत्याने तिला सहा महिन्यांसाठी क्रोनोग्राफ दिले होते, आणि सहा महिने निभावले तर खिडकीजवळचं टेबल कायमचं तिचं होणार होतं. अट एकच होती. तिच्या हातून गेलेलं घड्याळ त्याच तक्रारीसाठी दोनदा परत यायचं नाही.

चार महिने चिमटीने एकही घड्याळ परत येऊ दिलं नव्हतं.

बेकरीवाला पंधरा दिवसांनी पुन्हा आला. या वेळी दोन्ही गाल कामात होते आणि तक्रार नवीन होती. सेकंदकाटा चालू केला की थोड्या वेळाने सगळं घड्याळच बंद पडतं.

"वेळ कशाची लावता?"

"पावाची. भट्टीत चाळीस मिनिटं."

"मोबाइल नाही?"

"आहे की. पण पिठाच्या हाताने मोबाइल... आणि खरं सांगू? मोबाइलला बटण कुठे असतं असं टक्‌कन दाबायला?"

हे उत्तर चिमटीला फार आवडलं. तिने मशीन उघडलं, साफ केलं, तेल दिलं, पूर्ण चावी भरली आणि बटण दाबलं. तो समोरच्या स्टुलावर बसला.

"किती वेळ बघायचं?"

"दहा मिनिटं."

"एवढीच?" तो म्हणाला. मग घाईने, "म्हणजे... नीट बघा. मला घाई नाही."

दहा मिनिटांत त्याने आपल्या थोरल्या भावाने मिठाऐवजी साखर घातल्याचं सांगितलं, तिने आत्याचा चष्मा रोज कुठे कुठे सापडतो ते सांगितलं. घड्याळ छान चाललं. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे.

आठवड्यात घड्याळ परत. तीच तक्रार. पुन्हा उघडणं, पुन्हा पूर्ण चावी, पुन्हा स्टूल, पुन्हा दहा मिनिटं.

"माझ्यापेक्षा याचीच विचारपूस जास्त करता तुम्ही," तो म्हणाला.

"ते निदान खरं सांगतं, कुठे दुखतंय ते."

"मी पण सांगेन. विचारा तर खरं..."

"हे एकदा झालं हं चिमटे!" आतून आत्या ओरडली. "आणखी एकदा आलं की टेबल विसर!"

तो चपापला. घड्याळ बांधून गेला.

त्यानंतर तो आला तेव्हा शर्टाची बाही मनगटाच्या खाली ओढलेली होती आणि अंगाला करपलेल्या पावाचा वास येत होता.

"घड्याळ एकदम झकास," तो आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "सहज आलो होतो."

"दाखवा."

"अहो, चाललंय..."

"हात पुढे करा."

त्याने हात पुढे केला. घड्याळ बंद होतं. मिनिटं मोजणारा लहान काटा सव्वीसवर अडकला होता.

"राहू दे ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मी लावतो मोबाइल. तुमचं टेबल..."

आजवर तिच्यासाठी कुणी ट्रेभर पाव जाळून वर खोटंही बोललं नव्हतं. मान डोलावली की टेबल तिचं, दोन महिन्यांचा तर प्रश्न होता. पण मग बंद पडलेलं घड्याळ तिच्या हातचं म्हणून त्याच्या मनगटावर फिरलं असतं, आणि तिला त्याच्याकडे सरळ बघता आलं नसतं.

"आत्या," तिने हाक मारली, "दुसऱ्यांदा परत आलंय."

आत्या बाहेर आली. घड्याळ बघितलं, मग दोघांना बघितलं.

"तपासलंस किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"चावी?"

"पूर्ण."

"हे इथे बसले होते?"

"हो."

"आणि तू कशाकडे बघत होतीस?"

चिमटीने भिंग उचलून उगाच पुसलं. बेकरीवाल्याचे कान लाल झाले.

"पूर्ण चावीवर भंगारसुद्धा दहा मिनिटं पळतं," आत्या म्हणाली. "उद्यापासून सेल बदल. टेबलाचं पुढच्या वर्षी बघू. हे मात्र तूच निस्तरायचं. तीन दिवस घे. आणि तुम्ही, तीन दिवस या दुकानाचा उंबरा चढायचा नाही!"

सकाळी चावी भरायची, दुपारपर्यंत तशीच उतरू द्यायची आणि मग बटण दाबायचं, असं तिने सुरू केलं. पहिल्याच दुपारी दोष सापडला. सेकंदकाट्याला फिरवणारी दोन चाकं एकमेकांत नको इतकी खोल रुतत होती. चावी भरलेली असली की जोरावर निभायचं. अर्धी उतरली की घड्याळाला ठोका देणाऱ्या बॅलन्स-चाकाचा झोका आखडायचा, आणि मिनिटं मोजणारा लहान काटा पुढे ढकलताना एकदम जीव जायचा. चाकं सरकवणारा एक स्क्रू असतो. जास्त मागे घेतला तर काटा सुरुवातीलाच उडी मारतो. तिने तो केसभर फिरवला, तपासला, पुन्हा केसभर. यात दोन दिवस गेले. स्टूल रिकामं होतं आणि काम सुरेख होत होतं, आणि तिला अजिबात करमत नव्हतं.

तिसऱ्या दुपारी ती घड्याळ घेऊन स्वतःच बेकरीत गेली.

"पाव भट्टीत घाला," ती म्हणाली. "चावी अर्धी उतरलीय. इथेच बघायचं."

त्याने ट्रे आत सरकवला, तिने बटण दाबलं. ती पिठाच्या टेबलाशी घड्याळ समोर ठेवून बसली. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"तीन दिवस," तो म्हणाला, "मी तुमच्या पाटीपर्यंत येऊन परत फिरतोय."

तिने घड्याळ जरा जवळ ओढलं.

"हे नीट झालं तर मी परत यायचं कशासाठी, ते मला सुचत नाही. म्हणून सरळच... तुम्ही मला आवडता. मी आवडतो का तुम्हाला?"

तिची नजर काट्यावरून हलली नाही. तो भट्टीकडे वळला आणि विनाकारण दार पुसत राहिला. विसावं मिनिट गेलं. सव्वीस आलं, सव्वीस गेलं. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं की घड्याळाची टिकटिक ऐकू येईना, पण तिने मान वर केली नाही. तीस. पस्तीस.

चाळीस. तिने वरचं बटण दाबलं, मग खालचं. काटा नेमका शून्यावर आला.

"काढा," ती म्हणाली.

त्याने जाड मोजे घालून ट्रे बाहेर काढला. पाव छान तांबूस झाले होते. त्याचा चेहरा मात्र पडलेला होता.

"आता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"बाराव्या मिनिटाला विचारलंस ते. तेव्हा मी कामात होते."

तो ट्रे धरून तसाच उभा राहिला. "मी... आवडतो का?"

"तुझ्याकडे बघत बसले म्हणून माझं टेबल गेलं," ती म्हणाली. "आणखी काय पुरावा हवाय? आवडतोस. खूप आवडतोस."

त्याला काही बोलता येईना.

"अरे, ट्रे ठेव आधी, हात भाजतील," ती म्हणाली, आणि पिठाची परात बाजूला सारून तिने टेबलावर जागा केली.