रिकाम्या जागेतला मुकुंद

मिरजेच्या स्मृतिसंवर्धन केंद्रात त्या सकाळी कालिंदी सबनीसच्या टेबलावर एका माणसाचे अख्खे आयुष्य दोन तबकड्यांत पडले होते. माणसाचे नाव अण्णाप्पा मगदूम, निवृत्त एसटी ड्रायव्हर. पाच वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांच्या मेंदूतली आठवणींची जागा गेली आणि तेव्हापासून त्यांच्या आठवणी या आरसाजोडीत राहत होत्या. एका तबकडीवर जे लिहिले जाई, ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटे. एक बिघडली तरी माणूस शाबूत.

पण आदल्या संध्याकाळी विजेचा झटका बसला आणि दोन्ही तबकड्यांवरचा सीमापट पुसला गेला. कुठला विभाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सांगणारा तो तक्ता. तो गेला आणि अण्णाप्पा उशाशी बसलेल्या बायकोला विचारू लागले, "बाई, तुम्हाला कुठं उतरायचं?"

केंद्रप्रमुख डॉ. नसीम इनामदार आत आल्या. "कालिंदी, सापडतील ना गं ते?"

"मजकूर जागेवरच आहे, मॅडम. दारावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही. प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला एक खूण असते. तबकडी पहिल्यापासून चाळायची, खुणा हुडकायच्या आणि सीमा नव्याने आखायच्या. जोडी सोडवून मी एकीवरच काम करते. दुसरीला हात लावत नाही."

"चारच्या आत जोडायला हवं. त्यानंतर मेंदू जोडणीच विसरतो. आणि रिकामी जागा शून्यांनी भरायला चुकू नकोस. मेंदू तिथंही चाचपडतो. जुनं काही उरलं असेल, तर तो ते आपलंच समजेल."

साडेदहाला अण्णाप्पांच्या विभागाची खूण सापडली. कालिंदीने सुटकेचा श्वास टाकला आणि शिरस्त्याप्रमाणे उरलेली जागाही चाळायला लावली. तिथे काही असायचे कारण नव्हते. साडेअकराला यंत्र थांबले. रिकाम्या जागेत आणखी एक खूण होती आणि खुणेपुढे नाव होते, मुकुंद सबनीस.

मुकुंद तिचा नवरा. याच केंद्रात, याच टेबलावर काम करायचा. त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती.

तो तिथे कसा आला, हे तिला तत्क्षणी कळले. नव्या तबकडीवर रुग्णाला बसवण्याआधी ती जिवंत स्मृतीवर तपासावी लागे. परक्याची स्मृती कोण देणार? म्हणून कर्मचारी आपलीच उतरवत, आणि तपासणी झाली की नुसता सीमापट पुसून टाकत. सगळी तबकडी पुसायला अर्धा दिवस जातो. आळसाला कारणे हजार.

तिने तबकडीवरच्या स्मृतीला बोलते करणारी संवादपेटी जोडली. बराच वेळ नुसती खरखर आली.

"कालू?" पेटी म्हणाली. "अगं, झाली का तपासणी? इतका वेळ लावतात होय? तुला काम दिलं की वर्षाची निश्चिंती."

तीन वर्षे जो आवाज आठवायला ती धडपडत होती, तो समोर बसून तिची थट्टा करत होता. तिला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच भीती वाटली.

"बोल की गं. रागावलीस?"

"नाही रे. येते थोड्या वेळात," ती म्हणाली आणि तिने पेटी बंद केली.

दारात सुशीलाक्का मगदूम उभ्या होत्या. "ताई, हुईल न्हवं चारपतूर? मला वळखत न्हाईत ओ ते. चाळीस वर्सांचा संसार हाय आमचा."

"होईल, अक्का. तुम्ही बसा."

मुकुंदची प्रत काढायला दोन दिवस लागले असते. हाती होते चार तास. पण कालिंदी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. आरसाजोडीत जे इकडे, तेच तिकडे. ही तबकडी अण्णाप्पांची, दुसरी मुकुंदची. अण्णाप्पांना नवी जोडीदार तबकडी देता येईल, आणि जुनी बाद झाल्याची नोंद करता येईल. नियमाबाहेरचे होते, पण कुणाचे नुकसान नव्हते. तिने अण्णाप्पांच्या सीमा आखल्या आणि उरलेल्या जागेवर शून्ये सोडली. पडद्यावर मुकुंदचे नाव विरत गेले, तेव्हा तिने मान वळवली.

पावणेचारला अण्णाप्पांनी डोळे चोळले. "सुशे, तू रडाय का लागलीस? गुडघं दुखत्यात व्हय?" सुशीलाक्कांनी पदर तोंडात कोंबला. डॉ. इनामदारांनी कालिंदीच्या पाठीवर थाप दिली.

खोली रिकामी झाल्यावर तिने दार लावले आणि दुसरी तबकडी काढली. चाचणीची खूण नेमकी त्याच ठिकाणी होती. नाव वाचायला ती थांबलीच नाही. सीमा आखली, पेटी जोडली.

"आलं का कोणी?" पेटीतून बाईचा आवाज आला.

कालिंदीने तो आवाज ओळखला. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकला की अंगावर काटा येतो. आणि मग लोभापायी विसरलेले सगळे तिला एकदम आठवले. आरसा धरला जातो तो तबकड्या जोडल्यानंतर. तपासणी होते ती त्याआधी, एकेकीची, आणि एका जोडीच्या दोन तबकड्या एकाच माणसाने तपासायच्या नाहीत असा इथला नियम. या जोडीच्या तपासणीला एक मुकुंदने घेतली होती आणि दुसरी तिने. अण्णाप्पा दोन्हींवर होते. मुकुंद एकीवरच होता आणि त्याला तिने आपल्या हाताने पुसले होते.

"अहो, कोण आहे तिकडे? जरा सबनीसांना हाक मारता का? पलीकडच्या टेबलावर असतील."

कालिंदीचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. पेटीतली ही बाई अजून सुखात होती. नवरा पलीकडच्या टेबलावर आहे, अशी तिची खात्री होती.

"चहाला गेलेत," कालिंदी म्हणाली. "येतील एवढ्यात."

"बरं. थांबते मग." कालिंदीने नाक ओढले. "बाई, तुम्ही रडताय का?"