राक्षस हसला की गाडी मरते

"हाऽ हाऽ हाऽ हाऽ!"

वळणावर पुस्तकगाडीच्या भोंग्यातून राक्षस हसला आणि गाडी मेली! वेगाचा काटा धाडकन शून्यावर आला, वायपर कोरड्या काचेवर खरखरू लागले, समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे लागले आणि इंजिन गप्प झालं.

"पाचव्यांदा!" फुटाण्याने कपाळावर हात मारला. नऊ वर्षांचा हा पोरगा सतत उडत असायचा, म्हणून घरात सगळे त्याला फुटाणाच म्हणत.

"मोजत बसू नकोस, खाली उतर आणि ढकल!" त्याची ताई म्हणाली.

सुट्टीत ही दोघं मामाकडे आली होती. मामाचं गॅरेज होतं आणि फिरत्या वाचनालयाची ही गाडी दुरुस्तीला तिथेच यायची. मामाची मुलगी चष्मिशही ढकलत होती, म्हणजे हात लावून उभी होती.

एरवी तिघं हसून लोळली असती. पण याच गाडीपायी तारकाकांची नोकरी गेली होती.

तारकाका मामाकडचे तीस वर्षांपासूनचे वायरमन. महिन्यापूर्वी त्यांनी या गाडीच्या पुढच्या दिव्याची वायर बदलली आणि थोड्याच दिवसांनी गाडी बंद पडू लागली. चष्मिशच्या दादाने लॅपटॉप जोडला. ब्रेक सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीशी संपर्क नाही, काट्यांच्या डबीशी संपर्क नाही, अशी यादीच पडद्यावर आली. दादाने काट्यांची डबी बदलली, मग इंजिनाची बदलली. उपयोग शून्य! शेवटी तो म्हणाला, "काकांनीच वायर बदलताना घोळ केला असणार. त्यांना आता दिसतं कुठे?" मामाने ते खरं मानलं आणि रविवारी तारकाकांना घरी बसवलं.

त्याच्या आदल्या दिवशी काकांनी गाडीखालून डोकं बाहेर काढून विचारलं होतं, "पोरांनो, मागच्या पुस्तकांच्या कपाटामागे कुणी तारांना हात लावलाय का रे?"

"नाही काका," ताई म्हणाली होती.

ती धडधडीत खोटं बोलली होती. गाडी पळू लागली की भोंग्याचा आवाज आपोआप वाढावा, म्हणून दादाने त्याच सुमारास कपाटामागे एक छोटी पेटी गुपचूप जोडली होती. मुलांनीच त्याच्यामागे भुणभुण लावली होती आणि तेव्हा टॉर्च धरला होता ताईने! 'काकांना विचारल्याशिवाय तारांना हात लावायचा नाही,' असा मामाचा दंडक होता. म्हणून दादाने तिघांकडून कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं. एवढ्याशा पेटीने काय होणार, असं तेव्हा ताईला वाटलं होतं.

"ए, थांबा!" चष्मिश एकदम ओरडली. "ही नेहमी वळणावरच कशी बंद पडते? शाळेच्या, बागेच्या, दवाखान्याच्या. थांब्यावर पोचल्यावर कधीच नाही!"

"कारण वळणावर मी भोंग्यावर राक्षसाची गोष्ट लावतो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "तो हसला की पोरं घरातून धावत सुटतात. थांब्यावर पोचलो की बंद करतो."

"म्हणजे राक्षस हसला की गाडी मरते?" फुटाण्याचे डोळे विस्फारले. "काका, त्याला परीची गोष्ट वाचायला लावा!"

ताईला मात्र कपाटामागची पेटी आठवली.

गाडी गॅरेजात पोचली तेव्हा मामा आणि दादा जेवायला गेले होते. ताईने तारकाकांच्या खणातून त्यांचं जुनं मीटर काढलं आणि ड्रायव्हरकाकांना बॅटरीची वायर सोडायला लावली.

"काकांनी शिकवलं होतं," ती म्हणाली. "गाडीतल्या सगळ्या डब्या दोनच तारांवरून एकमेकींशी बोलतात. त्या तारा एकमेकींना पीळ घालून नेलेल्या असतात, म्हणजे बाहेरची गडबड त्यात शिरत नाही. एका वेळी एकीनेच बोलायचं, आणि जिचा निरोप महत्त्वाचा तिला बाकीच्यांनी वाट द्यायची."

"आपल्या घरी जेवताना असतं त्याच्या बरोबर उलट!" चष्मिश म्हणाली.

"त्या तारांच्या दोन्ही टोकांना विजेला अडवणारा एकेक रोधक बसवलेला असतो," ताई पुढे म्हणाली. " बॅटरी सोडून मोजलं की साठ आकडा यायला हवा."

ताईने स्टेअरिंगखालच्या, लॅपटॉप जोडायच्या सॉकेटात मीटरच्या सुया टेकवल्या. आकडा आला साठ!

"आता फुटाण्या, मागे जा आणि राक्षस हो. कपाट हलव!"

असलं काम फुटाण्याला दोनदा सांगावं लागत नसे. "हाऽ हाऽ!" करत त्याने कपाटावर दणादण बुक्के मारले. मीटरवर साठाचं शून्य झालं. तो थांबला, पुन्हा साठ!

त्यांनी पुस्तकं उतरवून कपाट सरकवलं. पेटीला वेग कळावा म्हणून दादाने त्याच दोन्ही तारांचा पीळ वीतभर सोडवून पेटी जोडली होती आणि जोडांना टेपच लावली नव्हती. भोंगा दणाणला की ते उघडे जोड एकमेकांना चिकटत, आणि सगळ्या डब्यांची वाचाच बसे!

"काय चाललंय इथे?" दारात मामा उभा होता, मागे दादा.

ताईने टॉर्चपासून खोट्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"हॅ! एवढ्याशा जोडाने?" दादा हसला. चष्मिशने मीटर त्याच्या हातात दिलं आणि फुटाण्याने एक बुक्का मारला. दादाचं हसू तिथेच विरलं.

"शाब्बास!" ड्रायव्हरकाका म्हणाले. "पोरांनी शहाण्यांचे कान कापले!"

"खरंच शाब्बास," मामा हळूच म्हणाला.

"नको ना मामा," ताई रडू लागली. "आधी काकांकडे चल."

तारकाकांची खोली अर्धी रिकामी झाली होती. मामाने हात जोडून माफी मागितली, परत या म्हणून तीनतीनदा विनवलं.

"उद्या मुलीकडे जातोय, कायमचा," तारकाका म्हणाले. "खोली सोडली. पण तो जोड मीच करून देतो, चला."

कपाटामागे बसून त्यांनी पेटी काढली, दोन्ही जोड नीट केले, टेप लावली आणि तारांना पुन्हा पीळ घातला. दिसायला त्यांना काही अडचण नव्हती. ड्रायव्हरकाकांनी गाडी चालू करून राक्षस लावला. तो पोटभर हसला आणि इंजिन मजेत धडधडत राहिलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईचे हात उचलले गेलेच नाहीत.

"मी विचारलं होतं ना गं?" काका टेपचं रिळ खिशात ठेवत म्हणाले. "तू नाही म्हणालीस, म्हणून मी कपाट सरकवलंच नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं.

"काका, उद्या तुमची बस किती वाजता आहे?"

"नऊला."

"मी येऊ सोडायला? नक्की येईन."

तारकाकांनी तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणतेयस म्हणजे येशीलच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताच ताई बसथांब्यावर जाऊन उभी राहिली.