यादीतलं बारावं गाणं

‘आपण यंदा सर्वाधिक गाणी सकाळी पावणेसात ते साडेसात या वेळेत ऐकलीत. आपला संगीतस्वभाव : जुन्या प्रेमात रमणारी.’

गाणी ऐकवणाऱ्या एका कंपनीचं हे वार्षिक प्रशस्तिपत्र डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी माझ्या फोनवर आलं. मजकुराखाली एक गुलाबी हृदय धडधडत होतं.

मी पाठचिकित्सा शिकवते. जुन्या पोथीत मूळ लेखकाचं किती आणि नंतरच्या नकलकारांनी घुसडलेलं किती, हे ठरवणं हा माझा व्यवसाय. तेव्हा या विधानाचीही रीतसर तपासणी करणं भाग होतं. पावणेसातला मी मंडईत असते. मेथीच्या जुडीवरून मैनाबाईंशी माझे जे मतभेद होतात, त्यांना पार्श्वसंगीत लागत नाही. म्हणजे वेळ चुकीची. ‘जुन्या प्रेमात रमणारी’ हे तर धादांत खोटं. इंद्रजीतशी माझं फेब्रुवारीत संपलं. त्यानंतर मी रमले असेन, तर ती फक्त संतापात. आणि मी संताप आरडाओरडा करून व्यक्त करत नाही, तळटीपा देते.

उरला एकच प्रश्न : पावणेसातला माझ्या नावानं गाणी ऐकतं कोण?

पुरावा एकाच दिशेला बोट दाखवत होता. इंद्रजीतच्या खराडीतल्या फ्लॅटवर मी माझा स्पीकर ठेवला होता. त्याला माझंच खातं जोडलेलं. निघून आले त्या दिवशी पुस्तकं आणली, चपला आणल्या. स्पीकर राहून गेला. त्यामुळे तक्रारीचा मसुदा तयार झाला : माझ्या खात्यावर अतिक्रमण झालं असून मी माझी वस्तू परत आणायला जात आहे. शनिवार पेठेतून रिक्षा केली आणि अकरा वाजता त्या ओळखीच्या दाराची घंटा वाजवली.

दार उघडलं ते अनोळखी माणसानं. तिशीतला, सावळा, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठानं माखलेले.

“इंद्रजीत?”

“नाही. प्रज्ञेश. ते मार्चमध्येच सोडून गेले. पण त्यांची बँकेची पत्रं अजून इथंच येतात. देऊ का?”

“नको. मला माझा स्पीकर हवाय.”

त्याचा चेहरा एकदम असा उजळला, की मला उगाचच पदर सारखा करावासा वाटला. मी कुर्ता घातला होता.

“म्हणजे... तनुजा आपण?”

“माझं नाव आपल्याला कसं माहीत?”

“तो स्पीकर रोज म्हणतो ना, ‘सुप्रभात, तनुजा’. पहिले चार दिवस दचकलो. पाचव्या दिवसापासून मीही म्हणायला लागलो.”

“परक्याचं खातं वापरण्याला चोरी म्हणतात.”

“घरमालक म्हणाले, फ्लॅटबरोबर येतं. गीझर, दोन पंखे, वायफाय, स्पीकर.”

“आणि मी?”

“तुमचा उल्लेख करारात नव्हता.”

हसू येणं प्रसंगाला शोभणारं नव्हतं. मी ते आवरलं. पूर्ण आवरलं असं मात्र म्हणवत नाही.

“अहो, आत तरी या. तव्यावर थालीपीठ आहे. चोराचा जबाब घेताना ते करपलं, तर दोन गुन्हे होतील.”

स्पीकर ओट्यावर होता, मिसळणाच्या डब्याशेजारी. इंद्रजीतच्या काळात त्यावर धूळ असायची; आता तो पुसलेला होता. त्यातून ढोलकी आणि क्लॅरिनेटच्या साथीनं एका बाईंचा मोकळा, जरासा खरखरीत आवाज येत होता. मी तो ओळखला.

“हे गाणं,” मी म्हणाले, “‘गुरुवार’ नावाच्या यादीत बारावं आहे. ती यादी माझी. तिच्यात अकरा गाणी होती. बारावं प्रक्षिप्त आहे.”

“प्र... काय?”

“मागाहून कोणीतरी घातलेलं.”

“मग तसं म्हणा ना. हो, मीच घातलं. ऑगस्टमध्ये.” त्यानं थालीपीठ उलटलं. “आता एक मी विचारू? गुरुवार का?”

परक्या माणसाला हे सांगण्याचं काहीच कारण नव्हतं. तरीही मी सांगितलं. गुरुवारी मला तास नसायचे, मी इथं यायचे. इंद्रजीतसाठी एकेक करून अकरा गाणी निवडली होती. त्यानं त्यातलं एकही शेवटपर्यंत ऐकलं नाही. मुखडा संपला की त्याचं बोट पुढे. ‘कळलं गं, पुढे तेच तर आहे.’

“पुढे तेच नसतं,” प्रज्ञेश तव्याकडे पाहत म्हणाला. “तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी ती बाई एक श्वास घेते बघा... इतका जवळून येतो तो, की पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं होतं.”

ते गाणं मी त्या श्वासासाठीच निवडलं होतं. दोन वर्षांत हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं – विचारलंच नव्हतं कोणी.

त्यानं ताटली पुढे केली. दह्याची वाटी शेजारी ठेवली.

“बारावं गाणं कोणाचं आहे?” मी विचारलं.

“माझ्या आईचं. शैलाबाई आणि पार्टी. ताडीवाला रोडला आमचं घर. चौदा एप्रिलच्या आठवड्यात आई घरी फक्त झोपायला यायची. बाबासाहेबांवरची गाणी, रोज वेगळ्या वस्तीत. आता गळ्याचं ऑपरेशन झालंय. बोलते, गात नाही. मामेभावानं जुनी कॅसेट शोधून हे एकच नेटवर चढवलं.”

“आणि ते थेट माझ्या यादीत?”

तो ओट्याला टेकला.

“सोनाली म्हणून एक होती. लग्नाचं चाललं होतं आमचं. ती म्हणायची, हे गाणं हेडफोन लावून ऐकत जा... शेजाऱ्यांना लगेच कळतं, घर कोणाचं आहे ते.” तो हसला, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. “दोन वर्षं मी आईला हेडफोनमध्ये ऐकलं.”

सोनालीसाठी माझ्या मनात एक तळटीप तयार झाली. ती छापण्याजोगी नव्हती.

“इथं आलो तेव्हा ठरवलं, मोठ्यानं लावायचं. आणि मग... तुमची अकरा गाणी पाठ झाली होती. वाटलं, जिनं ही निवडली, तिच्यासमोर ठेवून बघू. फार तर काय, काढून टाकेल. रोज सकाळी भीतभीतच स्पीकरला बारावं लावायला सांगायचो. रोज ते असायचं.”

मी थालीपिठाचा तुकडा उगाच दह्यात फिरवत राहिले.

“तुमचं संध्याकाळी सातला सुरू व्हायचं ना?” तो म्हणाला. “एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. जूनमध्ये दोन-तीनदा तुमचं गाणं मी मध्येच तोडलं असणार. सॉरी. तेव्हापासून सात ते आठ मी काही लावत नाही. सातला गॅलरीत चहा घेऊन उभा राहतो. काही ऐकू येत नाही, पण... कोणीतरी ऐकतंय, एवढं पुरतं.”

खाली कोणीतरी गाडी मागे घेतल्याचा आवाज आला. गाणं संपत आलं होतं. आम्ही दोघंही ते संपेपर्यंत थांबलो. ठरवून थांबलो असं नाही.

मग त्यानं हात धुतले, स्पीकरची पिन काढली, वायर नीट गुंडाळली आणि तो माझ्यापुढे धरला.

“घ्या. तुमचा आहे. फक्त जाण्याआधी एका शंकेचं निरसन करा. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस आहे; दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो मला. तुमच्या फोनवर एक बटण आहे, ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’. एकदा दाबलं असतं, तर मी त्याच दिवशी बाहेर गेलो असतो. खराडीपर्यंत यायची गरज नव्हती.”

“मी कामात होते.”

“जूनपासून?”

“पोथ्या फार होत्या.”

“तनुजा...” तो एवढंच म्हणाला. त्या आवाजात माझ्या नावाचा वापर बराच झालेला आहे, हे मला स्पष्ट जाणवलं. स्पीकर अजून आमच्या दोघांच्या हातांत होता. त्याचंही एक बोट सुटत नव्हतं, माझंही.

तक्रारीतल्या प्रत्येक विधानाची तपासणी झाली होती. फिर्यादीचं काही टिकलं नव्हतं, आणि आरोपी बदलला होता. आमच्या शास्त्रात मूळ शब्द हाती लागले, तर संपादकानं ते सुधारू नयेत. म्हणून आरोपीची कबुली, म्हणजे माझी, अडखळण्यासकट जशीच्या तशी देते :

“इंद्रजीत नाही, हे मला जूनमध्येच कळलं होतं. तो... दुसऱ्याला ऐकता यावं म्हणून आपलं गाणं थांबवणारा नव्हता. ते बटण मला माहीत आहे. रोज त्यावर बोट ठेवायचे आणि उचलायचे. तुमच्या आईचं गाणं मी रोज ऐकते – शेवटपर्यंत. आणि स्पीकर न्यायला मी आलेच नव्हते हो... पिशवीसुद्धा आणलेली नाही.”