दाकशेठचा लाल कोट

"तोच! अरे, तोच ढेरपोट्या!"

दिएपने खांगची कॉलर धरून त्याला फुलांच्या कमानीमागे ओढलं. खांगच्या हातातले पाव पडता पडता वाचले.

"कॉलर सोड! पाव चिरडले तर आई मला चिरडेल!"

दुपारी बाराच्या बोटीने सगळे सायगॉनहून वुंग ताऊला आजी-आजोबांकडे निघाले होते. शनिवार-रविवार, दोनच दिवस. खांगच्या आईने, म्हणजे दिएपच्या मावशीने, बोटीत खायला पाव आणायला या तिघांना कोपऱ्यावर पाठवलं होतं: बारा वर्षांची दिएप, तिचा मावसभाऊ खांग आणि खांगची नऊ वर्षांची बहीण न्हि. कोपऱ्यावर बघतात तर ढोल, झांजा, सिंहनाच! नवीन खानावळीचं उद्घाटन, आणि मंचावर लालभडक कोट घालून, डोळे मिटून, माइक खात गाणारा माणूस.

"कोण आहे हा?" न्हिने विचारलं. "गातोय की दाढ दुखतेय?"

"दाकशेठ," दिएप दातओठ खात म्हणाली. "वुंग ताऊचा."

खांगने शीळ घातली. आजी-आजोबांच्या घरात हे नाव घेतलं की आजी भांडी आपटायची.

गेल्या वर्षी याच दिवसांत, वुंग ताऊच्या मागच्या किनाऱ्यावर, पहाटे फिरताना दिएपला वाळूत मेलेला डॉल्फिन दिसला होता. तिकडे त्याला कुणी मासा म्हणत नाही. ओंग म्हणतात, म्हणजे आजोबा. होडी उलटली तर तोच माणसाला पाठीवर घेऊन वर आणतो. दिएपच्या साउ आजोबांनाही तरुणपणी त्यानेच आणलं होतं. असा ओंग किनाऱ्यावर येऊन मेला, तर जो त्याला पहिल्यांदा बघेल तो त्याचा मोठा मुलगा. मोठ्या मुलाने डोक्याला पांढरी पट्टी बांधायची, सगळ्यांच्या पुढे चालायचं, पहिली उदबत्ती लावायची आणि तीन वर्षं दुखवटा पाळायचा.

दिएप आजोबांना बोलवायला धावत गेली. परत येते तर काय? पोट कमी करायला किनाऱ्यावर धावणारा दाकशेठ ओंगशेजारी उभा राहून स्वतःचे फोटो काढत होता! ओंगच्या देवळात त्याने तेच फोटो दाखवले. साउ आजोबा म्हणाले, "आधी माझ्या नातीने बघितला." दाकशेठने भर अंगणात माइक हातात घेतला आणि म्हणाला, "म्हातारा मानासाठी नातीला खोटं बोलायला शिकवतो!"

लोक हसले. मोठ्या मुलाची पांढरी पट्टी दाकशेठच्या कपाळावर बसली. चाळीस वर्षं एक दिवस न चुकता देवळात जाणारे आजोबा त्यानंतर तिकडे फिरकले नाहीत. घरामागे जाळी दुरुस्त करत बसायचे. त्या हसण्याचा आवाज दिएपच्या कानातून वर्षभर गेला नव्हता.

"पण उद्याच ओंगचं वर्षश्राद्ध ना?" खांग म्हणाला. "आणि हा आज ढोल बडवतोय?"

"ज्योतिषाने महिन्यातला हा एकच दिवस शुभ सांगितला म्हणे," कमानीला फुलं खोचणारी बाई आपणहून म्हणाली. "मालकांनी हट्टच धरला. एका दिवसाने मागे नाही की पुढे नाही!"

दाकशेठने विचार केला असेल, सायगॉनमध्ये कुठला कोळी येतोय बघायला! शहर एवढं मोठं असलं की माणसाला वाटतं आपण त्यात लपलो.

खांगने मोबाईल काढला. "व्हिडिओ घेतो. संपला शेठ!"

"काही नाही संपत. म्हणेल, हल्ली मोबाईलवर माकडालाही गायला लावतात. त्याच्या हातचं काहीतरी हवं." दिएपने इकडेतिकडे बघितलं. मंचाजवळ एक माणूस पाहुण्यांचे शेठबरोबर फोटो काढून तिथल्या तिथे छापून देत होता. खाली खानावळीचं नाव, तारीख, सगळं. "न्हि, तुला तो ओळखत नाही. जा, आणि गोड हस."

"मला गोड हसता येत नाही. दात पडलाय."

"मग तसंच हस! आणखी गोड दिसशील."

न्हि गेली ती थेट मंचावर. एका हाताने तिला आणि दुसऱ्याने बियरचा पेला धरून दाकशेठने फोटो काढून घेतला. वर तिने लाडात येऊन म्हटलं, "काका, सही!" तेव्हा स्वतःच्या हाताने लिहूनही दिलं: 'छोट्या न्हिला, दाककाकांकडून.'

"भाजलेलं डुक्करही दिलं!" न्हि धापा टाकत परतली. "दिएपताई, घे ना."

"नको."

"तुझं काहीतरी बिनसलंय," खांग म्हणाला. "नव्या वर्षाला लाल झगा घातला नाहीस, लग्नात नाचली नाहीस, वर्षभर एक ओळ गायली नाहीस. संन्यास घेतलायस का?"

दिएपने फोटो वहीत ठेवला आणि पिशवीची चेन ओढली. "बोट चुकेल. चल!"

*

संध्याकाळी वुंग ताऊला आजी खळग्यांच्या तव्यात कोळंबीचे कुरकुरीत घावन टाकत होती. पोरांनी फोटो पुढे केला. आजीने चष्मा लावला.

"कोट लाल, टाय लाल, नाकही लाल! दुखवट्यात याने एवढंच पांढरं ठेवलंय, दात." तिने उलथनं तव्यावर आपटलं. "आणि उद्या हा डोळे पुसत पहिल्या रांगेत बसणार!"

"आत्ताच देवळाच्या प्रमुखांना दाखवूया?" खांगने विचारलं.

"म्हणजे दाराआड माफी मागून मोकळा? चारचौघांत माझ्या माणसाचं नाव घालवलंय. चारचौघांत परत द्यायला लावीन!"

"मी लावीन, आजी," दिएप म्हणाली. "पण आधी फोटो काढायचा नाही. आधी त्यालाच बोलू द्यायचं. भरपूर."

आजीने नातीकडे नीट बघितलं. मग तिच्या ताटलीत दोन घावन जास्त टाकले.

मागच्या दारी आजोबा जाळं विणत होते. त्यांच्या सदऱ्याला एकच बाही होती.

"आजोबा, उद्या याल ना देवळात?"

"ज्या अंगणात माझा शब्द खोटा ठरला, तिथे मी कुणाच्या पाया पडू?" आजोबांनी मान वर केली नाही. "माझी उदबत्ती तू लाव."

*

रविवारी सकाळी देवळाचं अंगण भरलं होतं. होड्यांवरची माणसं, त्यांच्या बायका, पोरंटोरं. पुढे पांढरी पट्टी बांधून दाकशेठ बसला होता. कोरडेच डोळे रुमालाने टिपत होता.

देवळाचे प्रमुख, म्हातारे क्वेन, पहिली उदबत्ती त्याच्या हातात देणार, तोच दिएप पुढे झाली.

"क्वेन आजोबा, एक विचारू?"

"ही परत आली!" दाकशेठ पुटपुटला.

"काका, मी भांडायला नाही आले," दिएप इतकं गोड बोलली की खांगला ठसका लागला. "आम्ही शहरातली पोरं, आम्हाला काही माहीत नाही. मोठ्या मुलाने काय काय पाळायचं असतं, ते सांगाल?"

समोर एवढे लोक, हातात माइक. दाकशेठ फुलला.

"बाळ, फार कठीण असतं ते! गाणं नाही, बजावणं नाही. लाल कपडा अंगाला लावायचा नाही. दारूला शिवायचं नाही. घरात शुभकार्य काढायचं नाही, दुसऱ्याच्या शुभकार्यातलं खायचं नाही."

"बापरे! आणि तुम्ही वर्षभर पाळलंत?"

"एक दिवस चुकलो नाही! या ओंगसमोर सांगतो!"

बायकांनी हळहळून माना हलवल्या. मग न्हि उठली आणि तिच्या त्या दात पडलेल्या तोंडाने हसली.

"दाककाका, ओळखलंत का मला? कालचा आपला फोटो छान आलाय!"

दाकशेठचा हात माइकसकट तसाच राहिला.

दिएपने वहीतून फोटो काढून क्वेन आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो शेजारच्या तांडेलाला दिला, तांडेलाने मागच्याला. जिकडे फोटो जाई तिकडची कुजबुज बंद होई.

"खोटा आहे! मोबाईलवर बनवलाय!"

"मग हे अक्षर कुणाचं?" आजी उभी राहिली. "माझं म्हणू नकोस. मला माझी सहीच तेवढी येते!"

"कालची तारीख आहे," एक होडीवाला सावकाश म्हणाला. "वर्षभर आमची जाळी अर्धी येतात. दोन होड्यांची इंजिनं भर समुद्रात बंद पडली. आम्ही म्हणत होतो, ओंग का रागावला?" तो पुढे आला. त्याच्यामागे आणखी दहाजण उठले. "बापाच्या दुखवट्यात मोठा मुलगा लाल कोट घालून बियर पितो! शेठ, आता ओंगची समजूत कोण काढणार? चल आमच्याबरोबर नावेत, खोल समुद्रात. तिथे माफी माग!"

दाकशेठला गुडघाभर पाण्यातही भीती वाटायची. तो खांबाला चिकटला.

"नाही! थांबा! मी मोडलं नाही काही! मी त्याचा मुलगा नाहीच! मला नाही सापडला तो! ही पोरगी आधी होती, मी तिला पळत जाताना बघितलं होतं!"

माइक अजून त्याच्याच हातात होता. कर्ण्यातून ते अंगणात गेलं, गल्लीत गेलं, बंदरावर गेलं.

क्वेन आजोबांनी पुढे होऊन त्याच्या कपाळाची पट्टी सोडून घेतली.

"पोरी," ते दिएपला म्हणाले, "चूक आमची झाली. आम्ही हसलो. याचं काय करायचं ते तू सांग."

दिएप तर वर्षभर हेच ठरवत होती! कधी त्याला चिखलात लोळवायची, कधी त्याच्या खानावळीत खेकडे सोडायची. पण आता तो समोर खांबाला धरून उभा होता, आणि तिला हवं होतं ते एकच होतं.

"तीच जागा आहे, तोच माइक आहे. म्हणा, साउ आजोबा खोटं बोलत नाहीत. तीन वेळा."

दाकशेठ पुटपुटला.

"मोठ्यांदा!" आजी कडाडली. "खाडीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे! त्या वेळी आवाज बरा फुटला होता!"

"साउ आजोबा खोटं बोलत नाहीत! साउ आजोबा खोटं बोलत नाहीत! साउ आजोबा..."

तिसऱ्यांदा तो अडखळला, कारण अंगणाच्या दारात साउ आजोबा उभे होते. एका बाहीचा सदरा, हातात जाळं विणायची सुई तशीच. घाईत चपलाही विसरले होते.

"पूर्ण कर," ते म्हणाले.

दाकशेठने पूर्ण केलं आणि मान खाली घालून गर्दीतून निघाला. न्हिने मागून हाक मारली, "काका, फोटो हवाय का?"

हसू थांबल्यावर क्वेन आजोबा गंभीर झाले. "पण मोठ्या मुलाचा दुखवटा तीन वर्षांचा. पहिलं वर्ष फुकट गेलं. पोरी, पहिल्यापासून सुरू करावं लागेल. पाळशील?"

दिएपने पिशवीची चेन उघडली. आतून पांढऱ्या कापडाची एक पट्टी काढली. घड्या पडून पडून ती मळली होती.

"फुकट नाही गेलं. मी त्याच दिवसापासून पाळतेय. ओंगला आधी मी बघितलं होतं ना? कुणी मानो की न मानो."

खांगचं तोंड उघडं राहिलं. लाल झगा, लग्न, गाणं, डुक्कर! संन्यास म्हणून चिडवलेलं सगळं त्याला आठवलं आणि त्याचे कान लाल झाले.

"तरी म्हटलं, त्या सदऱ्याची बाही गेली कुठे!" आजी म्हणाली आणि पदर नसल्यामुळे स्वतःच्या सदऱ्याच्या टोकानेच तिने डोळे पुसले.

"पण ही तर मुलगी," मागून कुणीतरी म्हणालं. "मोठा मुलगा कशी होणार?"

"आधी कोण धावलं ते ओंगने बघितलं," क्वेन आजोबा म्हणाले. "आणि वर्षभर न सांगता पाळणारा मुलगा तुमच्यापैकी कुणाच्या घरी असेल तर आणा पुढे!"



साउ आजोबांनी सुई खिशात ठेवली. नातीच्या कपाळावरचे केस मागे सारून स्वतःच्याच बाहीची ती पट्टी त्यांनी बांधली. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. चाळीस वर्षं जाळी विणणाऱ्या बोटांना ती गाठ काही केल्या बसेना.

मग त्यांनी उदबत्ती पेटवून तिच्या हातात दिली आणि स्वतः तिच्यामागे उभे राहिले.

"चल, मोठ्या मुला," ते म्हणाले. "पुढे हो."