दुपारी रिकामी ठेवायची खोली

कुणाला घाबरवायला मी हे सांगत नाही. माझ्याच पायांनी त्या पायऱ्या उतरले आणि माझ्याच कानांनी तो आवाज ऐकला. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. खोटं मात्र म्हणू नका.

आणि ती रात्र नव्हती.

सोळा ऑगस्ट. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. काझेर्ता शहराच्या वरच्या डोंगरउतारावरची व्हिला सान्तावेनेराची बाग. ऊन असं, की सावलीसुद्धा भाजत होती.

मी नुन्झिया. या बागेत सव्वीस वर्षं लोकांना फिरवते आहे. कोणती झुडपं कुणी कापायला लावली, कोणत्या कारंज्यापाशी कोणता सरदार घसरून पडला, सगळं झोपेत विचारलं तरी सांगेन. त्या दिवशी जवळजवळ झोपेतच सांगत होते.

आदल्या दिवशी पंधरा ऑगस्ट, आमच्या मरियामातेचा सण. पालखीमागे मी अनवाणी चालले होते. मग चौकात पाद्रे जेलासियोंचं प्रवचन. ते बोलत नाहीत हो, गातात! एक ओळ बोलतात, दुसरी सुरात घेतात, तिसरीला अख्खा चौक त्यांच्यामागे गायला लागतो. अशा ठिकाणाहून उठवतं का? मध्यरात्र उलटून गेली. दुसऱ्या दिवशी गळा बसलेला, पाय सुजलेले, आणि सकाळपासून दोन फेऱ्या झालेल्या.

ही तिसरी. आणि हीच नको होती.

आमच्याकडे दुपारी एक ते चार या वेळेला नावच आहे, कोन्त्रोरा. उलटी वेळ. दारं लोटायची, जेवून आडवं व्हायचं. रस्त्यावर कुत्रंही नसतं. माझी आई म्हणायची, "ती वेळ आपली नसते गं. ज्यांची आहे त्यांना वापरू दे."

बागेत आजवर त्या वेळी कधीच फेरी झाली नव्हती. पण यंदा नवे साहेब आले, रुओक्को.

"नुन्झिया, बाहेरचे पाहुणे दुपारी झोपत नाहीत," ते म्हणाले.

"मग त्यांना कॉफी पाजा साहेब, मला कशाला जागवता?"

ते हसले. आणि नवं वेळापत्रक दारावर चिकटवून मोकळे झाले. सोळा तारखेपासून दोनची फेरी सुरू.

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे.

बागेच्या पोटात एक गुहा बांधलेली आहे. भिंती शिंपल्यांनी मढवलेल्या, मधोमध खोल दगडी कुंड. एरवी ते कोरडं असतं. वरच्या हौदाचं पाणी सोडलं की चारी भिंतींतून धारा सुटतात, कुंड बघता बघता माणूसभर भरतं, आणि पाणी गुहेच्या तोंडातून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उड्या मारतं. म्हणून रीत अशी, की लोकांना आधी गुहेतून फिरवायचं, मग बाहेर काढून वरच्या गच्चीवर उभं करायचं. तिथून उड्या मारणारं पाणी दिसतं. गुहेच्या आतलं दिसत नाही.

पाणी सोडतो साबातीनोकाका. एकाहत्तर वर्षांचा माणूस, त्यातली चव्वेचाळीस त्या चाकापाशी गेलेली. त्याची खोली गुहेला लागून. गच्चीवरून एक जुनी लोखंडी नळी थेट त्या खोलीत उतरते. मी काठीने तिच्यावर तीन ठोके द्यायचे, म्हणजे सोड. त्याने सोडण्याआधी खोलीच्या बारीक खिडकीतून गुहेत पाहायचं. कुणी राहिलं असेल तर भराभर ठोके द्यायचे. थांब, माणूस आहे.

आणि माझं काम? गुहेच्या दाराशी उभं राहून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावायचा. मोजायचं. सव्वीस वर्षांत ते मी एकदाही चुकवलं नव्हतं.

त्या दिवशी बावीस जण होते. बहुतेक उत्तरेकडच्या मोदेनाहून आलेल्या एका बसचे. त्यांत एक एर्मेलिंदाबाई. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, डोक्यावर वेताची टोपी, जिभेला धार.

"का हो, तुमच्याकडे पाणी तरी वेळेवर येतं का? की तेही गाडीसारखंच?" त्यांनी सुरुवातीलाच विचारलं.

"तुमच्याकडून येणारी गाडीच उशिरा येते बाई. पाणी इथलंच आहे."

"बघा, उत्तर वेळेवर आलं!" त्या खो खो हसल्या. हातातली रिकामी बाटली दाखवून म्हणाल्या, "पण हे संपलं. पुढे नळ आहे ना?"

"गच्चीवर आहे. दहा मिनिटं काढा."

दहा मिनिटं काढा. हे मीच म्हणाले.

गुहेत गारवा होता. लोक रेंगाळले, फोटो काढले, दोघं-तिघं तर कुंडाच्या पायऱ्या उतरून खालीही गेले. मला फक्त बसायचं होतं. कुठेही. "चला, चला, वर चला," म्हणत मी पुढे निघाले आणि दाराशी थांबलेच नाही. गच्चीवर पोहोचल्यावर कठड्याला टेकून डोळे मिटले.

मोजलं नाही.

काठी उचलली. तीन ठोके दिले.

टण्. टण्. टण्.

काही नाही...

फक्त झाडांतले किडे किरकिरत होते. मग तेही थांबले. सगळे एकदम, जणू कुणी हात वर केला.

आणि नळीतून आलं...

टकटकटकटकटक.

थांब, माणूस आहे.

मला खरं सांगायचं तर रागच आला. काकाला झोपमोड झाल्याचा सूड घ्यायचाय, असं वाटलं. मी नळीला तोंड लावून ओरडले, "काका, सगळे वर आलेत! सोडा पाणी, माझे पाय तुटलेत!"

पुन्हा तीन ठोके दिले.

टकटकटकटकटकटक.

या वेळी थांबेचना. मी नळीवर हात ठेवला, आणि झटकन काढून घेतला.

ऑगस्टचं ऊन खात दिवसभर उभी असलेली नळी ती. हाताला फोड यायला हवा होता.

ती बर्फासारखी गार होती...

"बाई, आमच्या एर्मेलिंदाबाई कुठे दिसत नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं.

मी काठी तिथेच टाकली.

सुजलेले पाय मी कशी घेऊन गेले, देवाला ठाऊक. एकेचाळीस पायऱ्या. बसमधला एक धिप्पाड गृहस्थ माझ्यामागून धावत आला. उतरताना सगळा वेळ ते ठोके चालूच होते. आता नळीतून नव्हते येत. भिंतीच्या आतून येत होते.

बाई कुंडाच्या तळाशी होत्या. भिंतीला टेकून बसल्यासारख्या, टोपी मांडीवर, मान एका बाजूला. शुद्ध नव्हती. उन्हाने भोवळ आली असणार आणि गारव्याला म्हणून त्या खाली उतरल्या असणार. मी त्यांच्या कपाळाला हात लावला.

कपाळ ओलं होतं. गार, ओलं. कुणी ओला हात फिरवावा तसं.

कुंड कोरडं होतं. त्यांच्याजवळची बाटली आडवी आणि रिकामी.

आम्ही त्यांना उचललं. एक पायरी... दुसरी... तिसरी. माझ्या तोंडात मरियामातेचं नाव, आणि कानात ते टकटक. शेवटी माझा मागचा पाय गुहेच्या उंबऱ्याबाहेर पडला.

ठोके थांबले.

आणि पाणी आलं.

चारी भिंतींतून, एकदम. मी इतकी वर्षं ते पाणी पाहते आहे, पण इतक्या जोराने कधी आलेलं पाहिलं नव्हतं. 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हणून होईस्तोवर कुंड काठोकाठ भरलं. वर गच्चीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत.

मी खाली मातीत बसले आणि रडले. भीतीने नाही. शरमेने.

रुग्णवाहिका आली, बाईंना घेऊन गेली. श्वास चालू होता. लोक पांगले. मग मी उठून काकाच्या खोलीकडे गेले. म्हटलं, पाया पडते त्या माणसाच्या.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

"काका?" हाक मारली. आत पाणी ठिबकल्याचा आवाज... बाकी काही नाही.

मी त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने, फिलोमेनाकाकूने उचलला. "अगं नुन्झिया, काय हे! कोन्त्रोरात कुणी फोन करतं का? घोरतोय तो. एक वाजताच आला, जेवला, झोपला. रोजच्यासारखा."

"काकू, आज दोनची फेरी होती..."

"ती कसली? कोण म्हणालं?"

दारावर चिकटवलेला कागद. साबातीनोकाकाने आयुष्यात कधी दारावरचा कागद वाचला नव्हता. साहेबांना वाटलं मी सांगितलं असेल. मला वाटलं साहेबांनी सांगितलं असेल. उलट्या वेळेला माणूस घरी असणार, हे इथे सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच आज घरी जाऊ नकोस, असं त्याला सांगायला कुणाला सुचलं नाही.

चार वाजता काका आला, डोळे चोळत. मी सगळं सांगितलं.  त्याने गळ्यातली किल्ली काढली. एकच किल्ली आहे, ती कायम त्याच्या गळ्यातल्या दोरीला बांधलेली असते.

दार उघडलं.

चाक पूर्ण उघडं होतं.

"मी बंद करून गेलो होतो," काका म्हणाला. "पोरी, चव्वेचाळीस वर्षांत मी ते उघडं टाकून गेलो नाही. आणि ते फिरवायला मला दोन्ही हात आणि एक पाय लागतो."

"मग कोणी फिरवलं?"

तो चाकाकडे बघत राहिला. मग खिडकीकडे. खिडकीखालची फरशी ओली होती. तेवढीच.

"माझा बाप माझ्याआधी इथे होता," तो हळूच म्हणाला. "किल्ली देताना म्हणाला, दुपारी खोली रिकामी ठेव. एवढंच."

"का?"

"मी नाही विचारलं."

"काका, चव्वेचाळीस वर्षं!"

"तू विचारलं असतंस?" त्याने चाक बंद केलं, दोन्ही हात आणि एक पाय लावून. "मला रोज इथे यायचं असतं बाई."

साहेबांना मी माझी चूक स्वतःहून सांगितली. मी मोजलं नाही, असं म्हणाले. नोकरीवरून काढलं असतं तरी तक्रार केली नसती. ते म्हणाले, "अहो, वेळेवर गेलात ना? जीव वाचला ना?"

मी नाही वाचवला, हे त्यांना कसं सांगू?

संध्याकाळी इस्पितळात गेले. एर्मेलिंदाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला सलाईनची सुई, पण जीभ जागेवर.

"या! पाणी वेळेवर आलं म्हणे तुमचं," त्या म्हणाल्या.

मी त्यांचे हात धरले. माफी मागितली. सगळी चूक माझी, दाराशी मोजलं असतं तर तुम्ही खाली राहिला नसता, असं सांगितलं. त्यांनी माझ्या गालावर हलकी चापट मारली.

"पुरे गं. किती दमलेली दिसत होतीस, मी पाहिलं होतं. आणि एकटी कुठे होते मी? तुमचा तो माणूस होता की सोबत."

"कोणता माणूस?"

"तोच, नखशिखान्त भिजलेला. सगळा वेळ शेजारी बसून होता. माझ्या कपाळावर हात ठेवून. काय गार हात! मध्येच उठून भिंतीवर ठोकायचा, परत येऊन बसायचा." त्यांनी अंगावरची चादर सारखी केली. "एका गोष्टीची मात्र चुटपुट लागलीय."

"कसली?"

"त्याने माझ्याकडे पाणी मागितलं. दोन-तीनदा. आणि माझी बाटली रिकामी." त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "एवढ्या कारंज्यांच्या बागेत राहतो आणि पाणी मागतो, काय म्हणावं? फार तहानलेला होता बिचारा. तू दिलंस ना त्याला?"

मी तिथून उठले.

पाद्रे जेलासियोंकडे गेले. त्या जिवासाठी मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, सांगितली. ते म्हणाले, "नाव काय घालू?" मी म्हटलं, "नाव नाही हो माहीत." त्यांनी नावाशिवाय गायली. चर्चमध्ये मी एकटीच होते, तरी पूर्ण गायली.

दोनची फेरी अजून चालू आहे. काका त्या वेळी येत नाही, तेव्हा त्या फेरीत पाणी दाखवत नाहीत. लोक कुरकुरतात. मी दाराशी उभी राहते, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावते, दोनदा मोजते.

आणि सगळे वर गेले की कुंडाच्या शेवटच्या पायरीवर पाण्याचा एक ग्लास ठेवून येते. मागे वळून बघत नाही. आमच्याकडे स्वर्ग आणि नरक यांच्या मधल्या आगीत अडकलेल्या जिवांसाठी म्हणतात, तुम्हाला गारवा मिळो. तेवढं म्हणते.

चारला ग्लास आणायला जाते.

रोज रिकामा असतो.

उन्हाळा आहे, वाळत असेल, असं मी स्वतःला सांगते. पण गुहेत ऊन येत नाही. आणि काल मी दोन ग्लास ठेवले होते, दोन्ही रिकामे...