चिक्कडपल्लीहून आलेलं कार्ड

१९९६च्या मे महिन्यात हैदराबादच्या जामबागचे निवृत्त शिक्षक हिम्मतराव एक पोस्टकार्ड आणि डावातल्या सगळ्या चालींची वही घेऊन तारामतीबाईंकडे आले. वकिली सोडून त्या खाजगी तपास करत. हाताखाली अंबाजी, कोर्टातला जुना कारकून.

चिक्कडपल्लीचे मुकुंदराव आणि हिम्मतराव अकरा वर्षं टपालाने बुद्धिबळ खेळत होते. मुकुंदराव एका शनिवारी घरात मृत सापडले. हृदयविकार. उन्हाळ्यामुळे नेमका दिवस डॉक्टरांना सांगता आला नाही. शेवटच्या कार्डावर बुधवारचा शिक्का होता. ते पाहायचं बळ हिम्मतरावांना तेराव्यानंतर आलं.

कार्डावर फक्त चार आकडे: कुठल्या घरातून कुठल्या घरात. चाल होती कॅसलिंगची, म्हणजे राजा आणि हत्ती एकदम हलवण्याची.

"नवव्या चालीला मी शह दिला, तेव्हा त्याचा राजा हलला. पुढे परत जागेवर गेला," हिम्मतराव म्हणाले. "हललेल्या राजाला कॅसलिंग नाही. मुकुंद हे विसरणार नाही."

"वय झालं होतं," अंबाजी म्हणाला.

तिघे चिक्कडपल्लीला गेले. पट तसाच मांडलेला होता. मुकुंदरावांच्या पत्नी इंदुमती त्या आठवड्यात नांदेडला बहिणीकडे होत्या. दुसरी किल्ली शेजारच्या कुसुमताईंकडे असे. त्यांना बुद्धिबळ येत नव्हतं. बुधवारी सकाळी मुकुंदरावांचा मुलगा गौतम याने त्यांना सांगितलं, बाबा झोपलेत, उठवू नका. म्हणून त्या गेल्या नाहीत; बोलावल्याशिवाय एरवीही जात नसत.

गौतम कंप्यूटर कंपनीत होता. बुधवारी संध्याकाळी तो अमेरिकेच्या व्हिसासाठी मद्रासला गेला, शनिवारी परतला. निघताना बाबांनीच कार्ड टाकायला हातात दिलं, असं तो म्हणाला. तो ऑफिसात कंप्यूटरवर बुद्धिबळ खेळे. बाबांचा डाव मात्र त्याने कधी पाहिला नव्हता.

तारामतीबाईंनी सगळ्यांना पटाजवळ बसवलं.

"नुसता पट पाहिला तर ही चाल बरोबर आहे. राजा जागेवर, हत्ती जागेवर, मध्ये मोकळं. चूक फक्त वहीत दिसते. म्हणजे लिहिणाऱ्याला खेळ येत होता, हा डाव माहीत नव्हता. कुसुमताईंना खेळच येत नाही. गौतम, बुधवारी सकाळीच तू बाबांना निपचित पडलेलं पाहिलंस. सांगितलं असतं तर तेरा दिवस अडकला असतास, व्हिसाची मुलाखत गेली असती. बाबा संध्याकाळपर्यंत जिवंत होते हे दाखवायला तू कार्ड टाकलंस."

गौतमने नाकारलं नाही.

"तेव्हा श्वास चालू होता का रे?" इंदुमतींनी विचारलं.



"मी जवळ गेलो नाही, आई. दारातूनच पाहिलं."

इंदुमती उठल्या. कुकर लावायचा होता. एका माणसाला तांदूळ किती लागतात, असं त्यांनी कुसुमताईंना विचारलं.